पायांच्या कारखान्यातला भोंगा

रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत. स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत लोक प्रश्न विचारतात आणि खिडकी मनात आलं तर उत्तर देते. इथे सगळं उलटं होतं. खिडकीच प्रश्न विचारायची आणि लोक उत्तरं शोधत पळायचे. कुणाचा प्रिंटर बंद पडला की विभागातली बाकीची मंडळी तो चालू करून चहाला जात. चौकशीबाई तो चालू करत आणि मग तिथेच खुर्ची ओढून बसत. "पण बंद का पडला होता?" "बाई, चालू झाला ना, आता सोडा त्याला," असं समोरचा काकुळतीला येऊन म्हणे. त्या सोडत नसत.

हा रोग जुना होता. लहानपणी त्यांची आई म्हणायची, "या मुलीला भूक लागली तरी ती आधी विचारेल, का लागली." लग्न ठरवायला नवरामुलगा भेटला तेव्हा त्याने बिचाऱ्याने विचारलं, "तुम्हाला फिरायला आवडतं का?" त्यावर बाईंनी त्याच्यावर प्रश्नांची अशी सरबत्ती केली की उत्तरं देतादेता आपण होकार कधी दिला ते कळलंच नाही, असं तो अजूनही चारचौघांत सांगतो. माणूस भला आहे. घरातला मिक्सर बिघडला तर बाई येण्याआधी गुपचूप दुरुस्त करून आणतो, म्हणजे रात्रीचं जेवण वेळेवर होतं.

तर अशा या चौकशीबाईंना एका सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे विभागप्रमुख. त्यांना कारणांचा तिटकारा होता आणि निकालाची आवड.

"कारखान्याचं ते भुताटकीचं प्रकरण," साहेब म्हणाले, "आज मिटवून या. नाही मिटलं तर मी वर लिहून देतो, कारखाना इकडे मुख्य इमारतीतच हलवा. एका छताखाली आलं की कटकटच नको."

कारखाना म्हणजे रुग्णालयाचा कृत्रिम पाय बनवण्याचा कारखाना. मुख्य इमारत शहराच्या या टोकाला, कारखाना त्या टोकाला, जुन्या गोदामांच्या गल्लीत. ज्याचा पाय गेला तो माणूस मुख्य इमारतीत यायचा. तिथे एक यंत्र त्याच्या उरलेल्या पायाभोवती फिरून माप घ्यायचं, आणि ते माप इकडच्या सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये जाऊन बसायचं. तिकडे कारखान्यात दुसरा सर्व्हर होता. तो दुरून हे फोल्डर उघडायचा, माप घ्यायचा आणि साचा कोरणाऱ्या यंत्राला द्यायचा. पुढचं काम माणसांचं. ही व्यवस्था गेली कित्येक वर्षं बिनबोभाट चालली होती. महिन्याभरापासून मात्र इकडचा सर्व्हर तिकडच्याला दारात उभं करेना. "प्रवेश नाही," एवढंच उत्तर. कारखान्याचा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की तासभर सगळं सुरळीत, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. विभागातली मुलं फोनवरून "एकदा बंद करून चालू करा" असं सांगून थकली होती. तिकडे मापं येत नव्हती, आणि इकडे बाकावर बसलेली माणसं पाय कधी मिळणार म्हणून विचारत होती.

"तासभरच का चालतं?" चौकशीबाईंनी विचारलं.

"ते मला विचारू नका. मिटवा," साहेब म्हणाले.

बाई खूश झाल्या. कारण माहीत नाही असं कुणी सांगितलं की त्यांची कळी खुलायची.

कारखाना एकमजली, लांबट, पत्र्याच्या छपराचा होता. आत शिरल्यावर डाव्या हाताला भिंतीवर पायच पाय टांगलेले. गुडघ्याखालचे, गुडघ्यावरचे, लहान मुलांचे, आणि एकदोन बुटासकट. बाई पाच मिनिटं तिथेच थबकल्या. कारखान्याचे मिस्त्री त्यांना घ्यायला आले होते. केस पांढरे, मिशा काळ्या, आणि खिशात मोजपट्टी. त्यांना वाटलं बाई घाबरल्या.

"पहिल्यांदा येणाऱ्याला जरा कसंतरी होतं," मिस्त्री समजुतीने म्हणाले.

"नाही हो. डावे जास्त दिसतात. का?"

मिस्त्रींनी भिंतीकडे पाहिलं. इतकी वर्षं रोज पाहत होते, पण हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "उजवे आधी न्यायला आले असतील," असं काहीतरी पुटपुटून ते बाईंना आत घेऊन गेले.

कॉम्प्युटरचं टेबल काचेच्या छोट्या खोलीत होतं आणि तिथे बसणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. ताईंचा जीव मेटाकुटीला आला होता. मापं आली नाहीत की यंत्र बसून राही, यंत्र बसलं की माणसं बसून राहत, आणि माणसं बसली की येऊन ताईंच्या काचेतून आत बघत.

"मी काही केलेलं नाही हं," ताई आल्या आल्या म्हणाल्या.

"केलं असतं तर बरं झालं असतं, लवकर सापडलं असतं," चौकशीबाई म्हणाल्या आणि बसल्या.

त्यांनी आधी सोपं सोपं पाहिलं. तार ठीक होती. पासवर्ड बरोबर होता. फोल्डर उघडायची परवानगी कुणाकुणाला आहे ती यादी पाहिली, तिच्यात कारखान्याचा सर्व्हर अगदी मानाने बसलेला होता. म्हणजे आमंत्रण आहे, रस्ता आहे, पाहुणा दारात उभा आहे, आणि दार उघडत नाही. मग त्यांनी एक गंमत करून पाहिली. प्रत्येक सर्व्हरला एक नाव असतं आणि एक नंबर असतो. मुख्य इमारतीच्या सर्व्हरला नावाने हाक मारली तर तो "प्रवेश नाही" म्हणे. नंबराने हाक मारली तर निमूट दार उघडायचा.

"अय्या, मग नंबरानेच उघडू या की," ताईंना हायसं वाटलं.

"ते मागचं दार आहे. साहेब ते पुढच्या महिन्यात बंद करणार आहेत, आणि तुमचं कोरायचं यंत्र फक्त नावानेच हाक मारतं. पण बघा ना, माणूस तोच, घर तेच. नावाने बोलावलं की त्याला राग का येतो?"

बाईंचे डोळे चमकायला लागले होते. ताईंना मात्र रडू यायचं बाकी होतं.

इतक्यात भोंगा वाजला. जेवणाची सुट्टी. पूर्वी इथे कापडाची गिरणी होती, तिचा भोंगा छपरावर तसाच राहिला होता. आता त्याला एक छोटी पेटी जोडलेली होती, ती वेळ झाली की त्याला आपोआप वाजवायची. सगळे हात धुऊन लांब टेबलाशी डबे घेऊन बसले. चौकशीबाईंना मिस्त्रींनी आपल्या शेजारी जागा दिली. समोर बसले होते पॉलिशवाले काका. तयार झालेल्या पायावरून शेवटचा हात फिरवायचं, तो सरळ उभा राहतो का, भार नीट घेतो का, हे पाहायचं काम त्यांचं. काकांच्या हातून गेल्याशिवाय एकही पाय दाराबाहेर पडत नसे. काठी टेबलाला टेकवून ते सावकाश बसले. दोनेक महिन्यांपूर्वी त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती.

"दिव्याखाली अंधार," काका स्वतःच म्हणाले. "लोकांना पाय देतो आणि आमचेच संपावर गेलेत. चालतात, पण सरकारी चालीने."

"घरी बसून आराम नाही का करायचा?" चौकशीबाईंनी विचारलं.

"घरी बसून काय करू? सूनबाई कामाला जाते, मुलगा परगावी. भिंतींना पॉलिश करू? सकाळी सूनबाई स्कूटरवरून सोडते, संध्याकाळी मी या सगळ्यांबरोबर बसने जातो. चाललंय छान." मग त्यांनी मनगट पुढे केलं. "तुम्ही यंत्रांतल्या जाणकार, हे जरा बघा बरं. अलीकडे मागे पडायला लागलंय. भोंग्याशी जुळवलं की घरच्या घड्याळाशी जुळत नाही. घड्याळजीकडे नेलं तर म्हणतो, घड्याळ ठणठणीत आहे. मी त्याला चांगलं सुनावून आलो."

टेबलावर एकदम सगळ्यांना आपापल्या डब्यात काहीतरी महत्त्वाचं दिसलं. चौकशीबाईंच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्यांचं लक्ष काकांच्या घड्याळावर होतं. मग त्यांनी आपल्या फोनमध्ये पाहिलं. मग त्या डबा तसाच टाकून काचेच्या खोलीत गेल्या.

जाताना मागून मिस्त्री आले. "बाई, एक सांगतो. मुख्य इमारतीत हलवायचं म्हणतायत ना, आम्ही कसेबसे येऊ. दोन बस बदलाव्या लागतील, येऊ. काकांना ते जमायचं नाही. आणि ते गेले तर..."

ताईंच्या पडद्याच्या कोपऱ्यात जी वेळ होती ती चौकशीबाईंच्या फोनपेक्षा सात मिनिटं पुढे होती.

"सापडलं घोडं कुठे पेंड खातंय ते," बाई म्हणाल्या आणि आनंदाने ताईंचा हात दाबला.

मग त्यांनी ताईंना समजावून सांगितलं. नावाने हाक मारली की मुख्य इमारतीतला पहारेकरी एक पास देतो आणि त्यावर वेळ घातलेली असते. पाहुण्याच्या आणि यजमानाच्या घड्याळात पाचएक मिनिटांचा फरक त्याला चालतो. त्यापेक्षा जास्त असला तर त्याला वाटतं, कुणीतरी शिळा पास घेऊन आत घुसतंय. नंबराने आलेल्याशी तो वेळेची भाषाच बोलत नाही, म्हणून ते दार उघडतं. आणि सर्व्हर बंद करून चालू केला की तो आधी मुख्य इमारतीची वेळ घेऊन उठतो, म्हणून तासभर ठीक. मग हळूहळू दुसरीकडून वेळ घेतो आणि पुन्हा बिघडतो.

"दुसरीकडून म्हणजे कुठून?" असं आता ताईंनीच विचारलं. हा रोग संसर्गजन्य आहे.

दुसरीकडून म्हणजे भोंग्याच्या पेटीकडून. पूर्वी ताईंनीच कधीतरी तक्रार केली होती की पडद्यावर एक वेळ आणि भोंग्याला दुसरी, मी कुणाचं ऐकू? तेव्हाच्या तंत्रज्ञाने शहाणपणा करून कारखान्याचा सर्व्हर सरळ भोंग्याच्या पेटीला बांधून टाकला. भोंगा म्हणेल ती वेळ. आणि भोंगा आधीपासूनच चार मिनिटं पुढे ठेवलेला असायचा, कारण सुटल्यावर गल्लीच्या तोंडाशी जाऊन बस पकडायला तेवढी मिनिटं लागत. सकाळचा भोंगाही तेवढाच आधी वाजे, तेव्हा रुग्णालयाचं काही जात नव्हतं. चार मिनिटांचा फरक पहारेकऱ्याला चालत होता, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आता मात्र ते सात होते. कुणीतरी महिन्याभरापूर्वी पेटी आणखी पुढे सरकवली होती.

चौकशीबाई बाहेर आल्या. सगळे अजून टेबलाशी होते, फक्त काका उठून आपल्या बाकाकडे गेले होते. बाईंनी हातातला फोन उंच धरून विचारलं, "भोंगा कोणी पुढे केला?"

मिस्त्री छपराकडे पाहायला लागले. ताईसुद्धा.

आता, चौकशीबाईंचा जन्म "का" विचारण्यात गेला होता. त्या दिवशी त्यांनी "का" विचारलं असतं तर कदाचित कुणीतरी बोललं असतं. पण त्यांनी विचारलं "कोणी", आणि "कोणी" या प्रश्नाला शिक्षेचा वास येतो. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"सापडलं," बाईंनी सांगितलं. "इथलं घड्याळ चुकीचं आहे."

"मग बरोबर करा की. त्यात काय विचारायचं?"

त्यात खरंच काही विचारायचं नव्हतं असं त्यांनाही वाटलं. चुकीची वेळ ती चुकीची वेळ. मुळावरच घाव घालावा म्हणून त्यांनी भोंग्याची पेटी उघडली आणि ती मुख्य इमारतीच्या वेळेला अगदी काट्यावर आणून ठेवली. चार मिनिटंही नकोत आणि सातही नकोत. सर्व्हर पेटीच्या मागोमाग आला. नावाने हाक मारली, आणि फोल्डर उघडलं. तुंबलेली मापं धडाधड येऊन पडली, यंत्र घरघरायला लागलं, ताईंनी टाळी वाजवली. साहेबांनी फोनवर "शाब्बास" म्हटलं आणि कारखाना हलवायचा विचार बासनात गुंडाळला. मिस्त्री मात्र पेटीपाशी उभे राहून नुसते मिशीवरून हात फिरवत राहिले.

बाई त्या दिवशी शेवटच्या भोंग्यापर्यंत थांबल्या. कामापेक्षा त्यांना पाय बनताना पाहायचा होता. आणि भोंगा वाजल्यावर सगळ्यांबरोबर त्याही बससाठी बाहेर पडल्या.

गल्ली लांब होती. दोन्ही बाजूंना बंद गोदामं. चारपाचजण पुढे निघाले आणि काही पावलं गेल्यावर आपोआप हळू झाले. मधोमध काका काठी टेकत, एकेक पाऊल नीट ठेवत येत होते. ताई त्यांच्या डाव्या बाजूला, मिस्त्री उजव्या. कुणी घाई करत नव्हतं, कुणी मागे वळून पाहत नव्हतं. असे रमतगमत चालले होते जणू बस त्यांच्या मालकीची आहे. गल्लीचं तोंड समोर दिसत असताना बस आली. पळाले असते तर काका सोडून सगळ्यांना मिळाली असती. कुणी पळालं नाही. बस थोडी थांबली आणि निघून गेली.

पुढची बस तासाभराने होती. ताईंनी बाजूला होऊन फोन लावला. "पाळणाघर बंद होईल, तू जरा तिला घेशील का? आज उशीर झालाय. नाही, विशेष काही नाही."

आता चौकशीबाईंना कुणालाही काही विचारायची गरज राहिली नव्हती.

काकांनाही राहिली नव्हती. ते आधी गेलेल्या बसच्या दिशेने पाहत होते. मग आपल्या मनगटाकडे. मग त्यांनी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी पाय तपासतात तसं, सावकाश.

"घड्याळजीची माफी मागायला हवी," ते म्हणाले. मग, "मिस्त्री, किती पुढे केला होतात?"

"कुठे काय काका, ते यंत्र आहे, कधी मागेपुढे..."

"किती?"

"तीन," मिस्त्री म्हणाले. "आधीचे चार सोडून."

काकांनी मान हलवली. "तुम्हाला पळायला काय झालं होतं?"

"पळायला काय आग लागलीय?" कुणीतरी म्हणालं आणि हसण्याचा प्रयत्न केला. कुणी साथ दिली नाही.

"उद्यापासून मी येत नाही," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "माझ्या पायाने सगळ्या कारखान्याने चालायची गरज नाही. महिनाभर मला काय वाटत होतं माहितीये? वाटत होतं, बरा होतोय मी. बस रोज मिळतेय म्हणजे पाय सुधारतोय. सूनबाईलाही सांगितलं."



त्या संध्याकाळी घरी चौकशीबाईंनी ताटात चमचा नुसता फिरवला. नवऱ्याने दोनदा विचारलं, मग त्यांनी सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तू घड्याळ बरोबरच केलंस ना? चूक काय केली?"

"लोकांना मी आयुष्यभर 'का' विचारते," त्या म्हणाल्या, "आणि जिथे विचारायला हवं तिथे विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या कुणी न सांगता पुन्हा कारखान्यात गेल्या. काकांचा बाक रिकामा होता. बाईंनी आधी जे करायला हवं होतं ते आता केलं. सर्व्हर भोंग्याच्या पेटीपासून सोडवला आणि त्याला वेळ थेट मुख्य इमारतीकडूनच घ्यायची असं बजावलं. म्हणजे सर्व्हर आपला खऱ्या वेळेवर, आणि भोंगा स्वतंत्र. तो दहा मिनिटं पुढे असला तरी फोल्डरला त्याचं सोयरसुतक नाही. मग त्यांनी मिस्त्रींना बोलावलं आणि त्यांच्यासमोर पेटी पुन्हा सात मिनिटं पुढे केली. साहेबांना पाठवलेल्या अहवालात भोंग्याचा उल्लेख नव्हता. साहेबांनी भोंग्याबद्दल विचारलं नव्हतं, आणि विचारलं नसेल ते सांगायची जबाबदारी उत्तर देणाऱ्याची नसते असं बाईंचं पक्कं मत होतं.

"झालं ते छान झालं," मिस्त्री म्हणाले. "पण आता काय उपयोग? भोंगा परत आला, माणूस गेला. सकाळी फोन केला तर सूनबाई म्हणाल्या, बोलायला तयार नाहीत. दोन पाय पडून आहेत, मी हात लावायला धजत नाही."

बाई पडद्यावर आलेली मापं नीट उतरलीत का ते पाहत होत्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली होती. प्रत्येक मापात धडधाकट पायाची लांबी लिहिलेली होती आणि बनवायच्या पायाचीही. दोन्ही सारख्या नव्हत्या. नवा पाय थोडा आखूड. एकात असतं तर चूक म्हटलं असतं. त्यांनी दहा उघडली, दहाही तशीच.

"ताई, हे माझ्यामुळे बिघडलं का?"

"नाही हो, आधीपासून तसंच आहे. काकांनीच मुख्य इमारतीत तसं लिहायला सांगून ठेवलंय. का ते मला नाही माहीत."

"पत्ता द्या त्यांचा," चौकशीबाई म्हणाल्या.

काकांचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दार त्यांनीच उघडलं. आत टेबलावर स्कूटरचा एक सुटा भाग, पॉलिशची डबी आणि फडकं होतं. सकाळीच त्यांनी सुनेच्या स्कूटरचा आरसा काढून त्याची दांडी घासूनपुसून लखलखीत करून ठेवली होती. आता स्कूटर आरशाविना गेली होती, ही गोष्ट त्यांना बाई आल्यावर सुचली आणि ते जरा ओशाळले.

"माझं चुकलं," बाई बसायच्या आधीच म्हणाल्या. "भोंगा का पुढे आहे ते मी विचारायला हवं होतं. नुसतं कोणी केलं एवढंच विचारलं."

"तुमची काय चूक. तुम्ही खरी वेळ लावलीत. खोटी त्यांनी लावली होती." काका फडक्याची घडी घालत म्हणाले. "वाईट याचं वाटतं की सगळ्यांना माहीत आणि मलाच नाही. सांगितलं असतं तर मी होऊच दिलं नसतं. मला कुणाची मेहेरबानी नको. पाय चालत नाही तर चालत नाही."

सांत्वन करणं बाईंना कधी जमलं नव्हतं. तेव्हा त्यांनी जे जमत होतं तेच केलं.

"काका, एक विचारू? नवा पाय तुम्ही चांगल्या पायापेक्षा आखूड का करता?"

काकांनी मान वर केली. असा प्रश्न आला की माणसाला राग धरून बसणं कठीण जातं.

"बघा," ते म्हणाले आणि उठून टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले. "चालताना मागचा पाय पुढे येतो ना, तेव्हा तो जमिनीवरून सुटायला हवा. आपला पाय गुडघ्यात वळतो, घोट्यात वळतो, आपोआप वर उचलला जातो. केलेला पाय तेवढा वळत नाही. तो अगदी बरोबर मापाचा केला, तर चवडा जमिनीला अडकतो आणि माणूस तोंडावर पडतो. नवशिके हीच चूक करतात. मापाला माप जुळवतात. म्हणून जरासा कमी ठेवायचा, नखाएवढा."

"मग माणूस लंगडत नाही?"

"पहिले काही दिवस जरा जाणवतं. मग अंग सांभाळून घेतं. कंबर थोडं घेते, खांदा थोडं घेतो, दुसरा पाय थोडं घेतो. सगळे वाटून घेतात, कुणालाच जड होत नाही."

"आणि पेशंटला हे तुम्ही सांगता?"

"कशाला सांगायचं? उगाच मनात घेतो. विचारलं तर सांगतो."

"कुणी विचारलंय?"

"विचारतात की. चौकस माणसं असतातच, तुमच्यासारखी."

"मग त्यांना कळल्यावर," चौकशीबाईंनी विचारलं, आणि त्यांना खरंच उत्तर हवं होतं, "कुणी पाय काढून तुम्हाला परत आणून दिला का?"

टेबलाची कड धरून काका तसेच उभे राहिले. खिडकीबाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं, तो वाजायचा थांबला. काकांनी स्कूटरच्या आरशाची दांडी उचलली, उजेडात धरली, उगाचच एकदा पुसली आणि खाली ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "अजून तरी नाही."

चौकशीबाईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही, आणि त्यांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

"माझ्या बाकावरचे दोन पाय तसेच पडून असतील ना?" काकांनी विचारलं.

"हो. मिस्त्री हात लावायला घाबरतायत."

"घाबरायलाच हवं त्यांनी, घासून घासून वाट लावतील." काकांनी खुंटीवरची टोपी घेतली. "गाडी बोलवा. आणि बाई, जिना उंच आहे. उतरताना मला हात द्या."